तुटलेला दात आधी वाचा

मंगळवारी ताडोबाचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो. मोहर्लीच्या गेटसमोर पहाटे लागणारी जिप्सींची रांग त्या दिवशी दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दिवशी माझ्या थोरल्या भावाच्या गॅरेजात उभे राहायला जागा नसते. सहा दिवस मुरमाच्या रस्त्यांवर आपटलेल्या गाड्या सातव्या दिवशी एकदम त्याच्याकडे येतात. कुणाचा क्लच, कुणाचा शाफ्ट, कुणाचा नुसताच आवाज. गेल्या उन्हाळ्यातल्या अशाच एका मंगळवारी आमची भाची चंद्रपूरहून बसने आली. हातात मिठाईचा डबा होता. भावाने झाकण उघडले तर आत आठ तुटके गिअर.

भाची मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या रोबोट टीममध्ये चालनयंत्रणेचे, म्हणजे मोटरपासून चाकापर्यंतचे सगळे काम तिच्याकडे. त्यांचा रोबोट एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत मैदानाच्या मधोमध उभा राहिला. मोटर गरगर फिरत होती, चाक जागचे हलत नव्हते. परत आल्यावर बैठक झाली आणि दहा मिनिटांत निर्णय झाला: प्लास्टिकने दगा दिला, पुढच्या वर्षी सगळे गिअर स्टीलचे. टीमकडे जमलेल्या पैशांतला मोठा हिस्सा त्यावर जाणार होता. कोणते स्टील घ्यावे, एवढेच विचारायला ती बडे मामूकडे आली होती.

भावाने हात पुसले, चष्मा लावला, एक गिअर उचलून उजेडात धरला. मग दुसरा. मग तिसरा. आमच्या घरात हिंदी-दखनीची मिसळ चालते, पण इथे मराठीतच लिहितो. तो म्हणाला, "बेटा, शाफ्ट दोन्ही बाजूंनी धरला होता की एकाच?"

"एकाच बाजूने, मामू. पण प्रश्न मटेरियलचा आहे."

"मटेरियलचं नंतर बघू. प्लेट किती जाडीची होती?"

"तीन मिलिमीटर. अॅल्युमिनियम."

त्याने गिअर तिच्या तळहातावर ठेवला. तुटलेले सगळे दात एकाच बाजूच्या कोपऱ्यातून उडालेले होते. उरलेली रुंदी जशीच्या तशी. त्या भागावर कापताना पडलेल्या कटरच्या बारीक रेघासुद्धा शाबूत होत्या, म्हणजे तिथे समोरचा दात कधी टेकलाच नव्हता. भार आला की पातळ प्लेट वाकायची, तिच्यासोबत शाफ्ट तिरका व्हायचा आणि दहा मिलिमीटर रुंदीच्या दातावरचा सगळा जोर दोन-तीन मिलिमीटरच्या कोपऱ्यावर पडायचा. आठही गिअर हेच सांगत होते. बैठकीत ते कुणी हातात घेऊन पाहिलेच नव्हते.

इथे मला माझे मत मांडायचे आहे. गिअर कशाचा करावा हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला जातो. यंत्र मोडले की आधी धातू बदलायचा, मग जाडी वाढवायची, मग मोठी मोटर लावायची. हा क्रम उलटा आहे. तुटलेला दात हा पुरावा असतो. मुळापासून सबंध तुटला असेल तर भार झेपला नाही. दाताच्या मध्यावर खड्डे पडले असतील तर पृष्ठभाग दाबाने थकला. शेंड्याकडे खरचटलेले, ओढलेले दिसत असेल तर तेल-ग्रीस पोचले नाही किंवा दोन चाके चुकीच्या अंतरावर बसली. आणि कोपरा उडाला असेल तर शाफ्ट सरळ नाहीत. जिप्सीच्या डिफरन्शियलमध्ये क्राउन-पिनियन बसवताना माझा भाऊ दातांना रंग लावून चाक फिरवतो आणि ठसा कुठे उमटतो ते बघतो. ठसा दाताच्या एका टोकाला गेला असेल तर तो पुढे जात नाही, पुन्हा सगळे खोलतो. यात कोणतीही गुप्त विद्या नाही. पण हे त्याला कुठल्या प्रयोगशाळेने शिकवलेले नाही, आणि भाचीच्या टीमलाही नाही.

मग मटेरियलला महत्त्वच नाही का? आहे, भरपूर आहे. त्या दुपारी त्यावर दोघांचे जे भांडण झाले त्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

भाचीने वहीवर हिशोब मांडला. रोबोट २५ किलोचा, म्हणजे वजनाचा जोर सुमारे २४५ न्यूटन. चाके चार, पण धक्का बसला किंवा रोबोट एका अंगावर झुकला की सगळा भार दोन चाकांवर येतो असे धरले. रबरी चाकाची जमिनीवरची पकड वजनाएवढीच मानली. म्हणजे एका चाकाच्या वाट्याला सुमारे १२२ न्यूटन. याहून जास्त जोर लावला तर चाक घसरेल, जमीन तो घेणारच नाही. हा मुद्दा मला फार आवडला. मोटर कितीही ताकदीची आणा, दातावर सतत पडणाऱ्या भाराला वरची मर्यादा चाकाच्या पकडीची असते. चाकाचा व्यास १०० मिलिमीटर, त्याच्या शाफ्टवर ६० दातांचा, दीड मोड्यूलचा, ९० मिलिमीटर व्यासाचा गिअर. दातावरचा जोर निघतो सुमारे १३६ न्यूटन. विल्फ्रेड लुईस या इंजिनिअरने १८९२ साली फिलाडेल्फियात मांडलेले दाताच्या ताकदीचे सूत्र आजही पहिल्या अंदाजाला पुरते. त्याने १० मिलिमीटर रुंदीच्या लहान गिअरच्या, म्हणजे पिनियनच्या, दाताच्या मुळाशी ताण येतो प्रत्येक चौरस मिलिमीटरला ३० न्यूटनच्या आसपास.

त्यांचे तुटलेले गिअर अॅसिटलचे होते, ज्याला बाजारात डेल्रिन म्हणतात ते पांढरे, गुळगुळीत प्लास्टिक. ते ६५ च्या आसपास हार मानते. म्हणजे सरळ शाफ्टवर, धक्क्याविना, ते टिकले असते. पण कोपऱ्यातल्या तीन मिलिमीटरवर सगळा भार आला की ३० चे ९० हून जास्त होतात. हिशोब संपला तेव्हा भाची थोडा वेळ काही बोलली नाही.

"आता तिथे स्टील लावलं असतं तर?" भावाने विचारले. दात तुटला नसता हे खरे. पण तिरका शाफ्ट तिरकाच राहिला असता, बेअरिंग एका बाजूने खाल्ले गेले असते आणि मोटरला त्याची किंमत मोजावी लागली असती. पैसे गेले असते आणि दोष दिसायचा बंद झाला असता. मला यातले हे दुसरे नुकसान मोठे वाटते.

शाफ्ट सरळ केला, दोन्ही बाजूंना प्लेट आणि बेअरिंग दिले, तरी धक्क्याचा भार उरतोच. पुढे जाणारा रोबोट एकदम मागे फिरवला की दातांमधली पोकळी भरून निघताना ठोका बसतो. त्यासाठी भाचीने तिप्पट धरले: पुन्हा ९०. म्हणजे जागा दुरुस्त केल्यावरही या कामाला अॅसिटल अपुरेच. टीमचा निष्कर्ष निम्मा बरोबर निघाला, कारण मात्र वेगळे.

आता स्वस्त पर्यायांबद्दल, कारण आपल्या जिल्ह्यातली शाळा-कॉलेजे तिथूनच सुरुवात करतात. २०१६ पासून देशभर अटल टिंकरिंग लॅब निघाल्या, त्यांतून सहावीपासूनच्या मुलांच्या हाती थ्री-डी प्रिंटर आला. चांगलेच झाले. मी स्वतः शिक्षक आहे, मुले त्या यंत्राभोवती कशी डोळे विस्फारून उभी राहतात ते मी पाहिले आहे. पण त्यातून एक समजूत पसरली, की गिअर ही छापायची वस्तू आहे. बहुतेक ठिकाणी छापतात ते पीएलए नावाच्या प्लास्टिकवर. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ च्या पुढे जातो, आणि उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या आत किती तापते ते मोहर्लीच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. डॅशबोर्डवर ठेवलेला छापील गिअर दुपारपर्यंत वाकडा झालेला मी पाहिला आहे. पीएलएचा गिअर अंतर तपासायला, सगळे नीट बसते का बघायला उत्तम. रोबोट ओढायला नाही. हेच पुण्याच्या पावसाळी हवेत वाढलेल्या एखाद्याला तितकेसे जाणवणार नाही.

नायलॉनचा घोटाळा वेगळा. नायलॉन चिवट आहे, आवाज करत नाही, ग्रीसही फारसे मागत नाही. पण ते पाणी पिते. आमच्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कापलेले ८० मिलिमीटरचे नायलॉन चाक पावसाळ्यात हळूहळू अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. उन्हाळ्यात दातांमध्ये बेताची पोकळी ठेवलेली असेल तर ऑगस्टमध्ये तीच जोडी जाम होते आणि टीम मोटरला शिव्या घालत बसते. दाराच्या चौकटी पावसात घट्ट होतात हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. अॅसिटल त्या मानाने पाणी जवळजवळ घेतच नाही. दोन्ही पांढरीच असतात आणि दुकानदार कधी कधी एकाच्या नावाने दुसरे देतो, म्हणून हे लिहिले.

पितळ दिसायला देखणे. स्टीलच्या जोडीला चांगले चालते, पण स्टीलहून जड आणि ताकदीला कमी. रोबोटच्या मुख्य चाकाला ते कशाला लावावे मला कळत नाही.

उरले अॅल्युमिनियम आणि स्टील, आणि इथे भाऊ चुकला. तो म्हणाला, "लोखंड ते लोखंड. सगळीकडे स्टील लाव आणि झोप." त्याच्या जगात हे बरोबरच आहे. जिप्सीला अर्धा किलो वजनाने काही फरक पडत नाही आणि गिअरबॉक्स वर्षानुवर्षे टिकायला हवा. भाचीने वही त्याच्याकडे फिरवली. ९० मिलिमीटर व्यासाचा, १० मिलिमीटर जाडीचा भरीव गिअर स्टीलचा केला तर सुमारे ५०० ग्रॅम. ७०७५ जातीच्या अॅल्युमिनियमचा केला तर १८० च्या आसपास. चार चाकांचे मिळून सव्वा किलोहून जास्त वाचतात. रोबोटच्या स्पर्धांत वजनाला कमाल मर्यादा असते. तो सव्वा किलो म्हणजे तिच्या टीमच्या रोबोटचा एक सबंध हात. आणि ७०७५ चे अॅल्युमिनियम ५०० न्यूटनपर्यंत वाकत नाही. आपल्याला हवे आहेत ९०.

भाऊ हसला, पण हरला नाही. "ताकद आहे, कबूल. पण मऊ आहे. अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम घासलं तर चिकटतं, ओरखडतं. आणि तुमचा सामना तीन मिनिटांचा असेल, सराव किती तासांचा?" सराव महिनाभर, रोज रात्री. मैदानात गिअर जेवढा फिरतो त्याच्या कितीतरी पट तो कॉलेजच्या शेडमध्ये फिरतो, तिथल्या धुळीत. शिवाय १९ दातांचा पिनियन ६० दातांच्या चाकाला फिरवतो तेव्हा पिनियनचा प्रत्येक दात तिप्पट वेळा भिडतो. म्हणून दोघांचे ज्यावर एकमत झाले ते असे: पिनियन स्टीलचा, ईएन-२४ चा, कडक करून घेतलेला. मोठे चाक ७०७५ अॅल्युमिनियमचे, वर हार्ड अॅनोडायझिंगचा थर. ग्रीस लावायचे, पण वर झाकण हवे, नाहीतर तेच ग्रीस धूळ धरून पॉलिश पेपरसारखे घासत बसते. झिजणारी वस्तू मोठे चाक. ती झिजेल हे आधीच मान्य, सरावाचा एक संच आणि सामन्याचा एक संच वेगळा.

१९ दातांची एक छोटी गोष्ट राहिली. आधी पिनियन २० दातांचा होता. ६० ला २० ने पूर्ण भाग जातो, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात मोठ्या चाकाच्या त्याच तीन दातांना जन्मभर भेटत राहतो. एकात दोष असला की तो ठराविक तिघांनाच खातो. भाचीला हे पुस्तकातून माहीत होते. तिने मोठे चाक ६१ दातांचे करायचे ठरवले आणि चंद्रपूरच्या मिलिंगवाल्याकडे गेली. तो हसू लागला. त्याच्या डिव्हायडिंग हेडच्या प्लेटवर ६१ चा भाग साध्या पद्धतीने बसतच नाही. "मोठ्याला हात लावू नका, लहानाचे १९ करा," तो म्हणाला. त्याच्या प्लेटवर १९ ची भोके होती. काम तेच झाले. पुस्तकाने रोग सांगितला, औषध प्लेटच्या भोकांनी.

यंत्रात काहीतरी तुटणारच असेल तर काय तुटावे हे आपण ठरवावे, हाही विचार आपल्या स्वयंपाकघरांत कधीचा आहे. मिक्सरचा कपलर तुटतो म्हणून मोटर वाचते. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या किमा मशीनमधला प्लास्टिकचा गिअर हाडाचा तुकडा अडकल्यावर दात सोडतो, आणि अम्मी त्याला नावे ठेवते. तो गिअर स्वस्त म्हणून प्लास्टिकचा नाही, तुटायला ठेवलेला आहे. रोबोटमध्ये हे काम भाचीने गिअर आणि शाफ्टमधल्या पिनेला दिले. पीन मऊ लोखंडाची, खिशात वीस ठेवता येतात, दोन मिनिटांत बदलते. अॅसिटलचे जुने गिअरही फेकले नाहीत. हलका हात वरखाली करायला ते उत्तम आहेत.

२००८ आणि २०१४ साली एबीयू रोबोकॉन ही आशिया-प्रशांत देशांतल्या कॉलेजांची स्पर्धा पुण्यात झाली. २००८ चा खेळ तर आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता. महाराष्ट्रात या छंदाला तिथून बळ मिळाले, पण त्याचा ओघ पुणे-मुंबईकडे राहिला. तिथल्या टीमला गिअर कापून देणारे वर्कशॉप हाकेच्या अंतरावर असते. आमच्याकडे सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते, चंद्रपूर ते मोहर्ली रस्त्यावर वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी ओलांडाव्या लागतात, तिथे माणसाएवढे गिअर फिरत असतात. आणि आमची मुले तळहाताएवढा गिअर कुरिअरने मागवतात. वस्तू मिळत नाही ही अडचण खरी आहे. पण जाणणारे लोक मिळत नाहीत हे मला मान्य नाही.

ते लोक गॅरेजात आहेत. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की मुस्लिम कामगारांचा नियमित पगाराच्या नोकरीतला वाटा कमी आणि स्वयंरोजगारातला जास्त आहे. त्या कोरड्या वाक्यात माझा भाऊही आहे. आठवीनंतर शाळा सुटली, पाना हातात आला. आपण या आकड्याकडे फक्त मागासलेपणाचा पुरावा म्हणून बघतो, मीसुद्धा बघत आलो. त्यात साठलेले ज्ञान मोजायला आपल्याकडे रकाना नाही. अभियांत्रिकी कॉलेजे पाहुणे व्याख्याते बोलावतात. त्या खुर्चीवर एकदा मिस्त्रीला बसवा, हातात तुटलेला गिअर द्या आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. मानधन द्या, चहावर भागवू नका.

दोष एका बाजूचाच नाही. त्या दिवशी निघताना भाचीने टीमला फोन केला. मी शेजारीच उभा होतो. "एका एक्स्पर्टला दाखवलं," ती म्हणाली. पलीकडून नाव विचारले असावे. ती क्षणभर अडखळली आणि म्हणाली, "ओळखीतले आहेत, ऑटोमोबाइलमधले." भाऊ जिप्सीखाली होता, त्याने ऐकले की नाही मला माहीत नाही. बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी तिला काही बोललो नाही. बोलायला हवे होते असे नंतर वाटले, आणि मग हेही वाटले की मी तरी शाळेच्या स्टाफरूममध्ये भावाचा व्यवसाय विचारल्यावर किती वर्षे "मोहर्लीत असतो, टुरिझममध्ये" असे सांगत होतो.

पावसाळ्यात टीमचा डिझाइन अहवाल तयार झाला. भाचीने तो मला वाचायला पाठवला. गिअरच्या प्रकरणात आठ तुटक्या दातांचे फोटो आहेत, तिरक्या शाफ्टचा हिशोब आहे, २० ऐवजी १९ का याचे कारण आहे. शेवटच्या पानावर आभारांची यादी आहे: प्राचार्य, विभागप्रमुख, प्रायोजक. मिलिंगवाल्याचे नाव नाही, मामूचेही नाही. मी तिला त्या पानावर लाल पेनाने दोन रिकाम्या ओळी आखून परत पाठवले आहे. अहवाल पुढच्या सोमवारी जमा करायचा आहे. मंगळवारी ती नव्या प्लेटा घेऊन मोहर्लीला येणार आहे, दातांना रंग लावून ठसा बघायला.